लाल पाण्याचे सय्यदसाहेब

भाव न करता माल घेणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. असा माणूस एक तर बापाच्या पैशावर जगत असतो, नाहीतर त्याला माल कळत नसतो. सय्यदसाहेब या दोन्हींत बसत नव्हते. आरोग्य खात्यातले ते इन्स्पेक्टर. पगार बेताचा, घरात खाणारी तोंडं बरीच. तरीही नाशिकच्या भाजीबाजारात ते वांग्यांच्या पाटीपुढे उभे राहायचे, बाई जो भाव सांगेल तो द्यायचे आणि पिशवी पुढे करायचे. मी शेजारीच कलिंगडं घेऊन बसलेला असायचो. ते गेल्यावर त्या बाईला मी एकदा विचारलं, "काय गं, साहेबाला जास्त सांगितलास ना?"

"सांगितला," ती म्हणाली. "वाटलं, कमी करून मागतील. बघतच राहिले माझ्याकडं, अन् दिले. आता माझंच पोट दुखतंय."

हा माणूस उंच, काटकुळा. खाकी कोट, डोक्यावर लाल तुर्की टोपी, हाताशी एक खडखडणारी सायकल. बोटांची टोकं आणि नखं कायम तपकिरी, काथ लागल्यासारखी. विहिरींत टाकायच्या लाल औषधाचे ते डाग होते. साबणानं जात नसत, आणि ते घालवायच्या फंदातही पडत नसत. लोक त्यांना मागून 'लालपाणी' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं.

कुणी भेटलं की आपण राम राम म्हणतो, बरं आहे का विचारतो. सय्यदसाहेब विचारायचे, "पाणी कुठलं पिता?" रस्त्यात, बाजारात, लग्नाच्या मांडवातसुद्धा. त्यांच्या मुलीसाठी स्थळ बघायचं चाललं होतं तेव्हा बाजारातल्या कुणीतरी थट्टा केली, "साहेब, जावयाला पण हेच विचाराल तुम्ही!" ते शांतपणे म्हणाले, "सगळ्यात आधी तेच विचारीन. मुलगा काय कमावतो ते नंतर."

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. त्या वाक्यानं माझं जेवढं रक्त आटवलं तेवढं कुठल्या दलालानंही आटवलं नसेल. ते मी पहिल्यांदा ऐकलं पंचवटीतल्या ताराबाईंच्या खाणावळीत. मी तिथं माल पोचवायला जात असे. ताराबाई विधवा, तोंडाच्या फटकळ, आणि त्यांच्या मागच्या अंगणातल्या विहिरीचा त्यांना भारी अभिमान. त्या उन्हाळ्यात शहरात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, दोनचार रोगी निघाले होते. साहेब औषधाची पुडी घेऊन आले. अंगणाच्या कडेला त्यांनी बूट काढले आणि विहिरीपासून लांबच उभे राहिले.

ताराबाई पदर खोचून आडव्या आल्या. "तुम्ही आमच्या विहिरीत हात घालणार?"

"मी नाही, तुम्ही घालणार. मी इथून फक्त सांगणार."

"या विहिरीचं पाणी पिऊन आजवर कुणाचं डोकंसुद्धा दुखलं नाही."

"खरं असेल तुमचं," साहेब म्हणाले. "पण आज नाही."

बस, एवढंच. आवाज चढवला नाही, सरकारचं नाव घेतलं नाही. ताराबाई बोलतच राहिल्या. विहीर कुणी खणली, कुठले महाराज तिचं पाणी प्याले, सगळं झालं. साहेब मान हलवत ऐकत होते. दर वेळी तेच, तुमचं खरं असेल, पण आज नाही. शेवटी बाईंनीच कंटाळून पुडी घेतली. त्यांनीच बादली शेंदली, त्यांनीच खडे विरघळवले. पाणी गर्द जांभळं झालेलं पाहून त्या किंचाळल्या, "अगं बाई! होळी केलीत हो माझ्या विहिरीची!"

"होळीच आहे ती. सोडा खाली, आणि बादली वरखाली करा. सगळं पाणी गुलाबी दिसेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो. मला भांडण बघायचं होतं. विहिरीला अजून फिकट गुलाबी झाक होती. ताराबाईंनी कमरेवर हात ठेवले. "गिऱ्हाइकांना काय सांगू? आधी तुम्ही प्या."

साहेबांनी टोपी काढून काखेत धरली, वाकले आणि ओंजळ पुढे केली. ताराबाईंनी वरून तांब्यानं धार धरली. तो काळच तसा होता, भांडं हातात द्यायचा प्रश्नच नव्हता, आणि ते त्यांनी मनाला लावून घेतलं असं निदान दिसलं तरी नाही. अख्खा तांब्या संपेपर्यंत ते प्यायले. कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. तोंड पुसून म्हणाले, "जरा तुरट लागतं. उद्या तेवढंही लागणार नाही."

पुढं ताराबाईच त्यांना रस्त्यात अडवायच्या. "साहेब, रंग उतरला हो आमचा, पुडी पाठवा!" सगळी आळी हसायची. त्या मात्र हसत नसत.

आता माझं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी सायखेड्याचा. बाप लवकर गेला. चुलत्यांनी हाताला धरून बाहेर काढलं. पिंपळगावच्या बाजारात पाठीवर गोणी वाहिल्या आणि त्यातून उभं राहून गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, वाळवंटात कलिंगडाची वाडी धरली. पाणी ओसरलं की वाळूत खड्डे घ्यायचे, खत भरायचं, बी टोचायचं, आणि चैत्र येईपर्यंत कोल्ह्यांपासून ते चोरांपर्यंत सगळ्यांवर नजर ठेवायची. मला कुणी काही फुकट दिलं नाही. मीही कुणाला दिलं नाही. पण माझ्या मालाचं एक नाव होतं, आणि ते नाव टाकीवर होतं.

टाकी म्हणजे काय, हे आताच्या मुलांना सांगावं लागेल. सुरीनं कलिंगडाला चौकोनी खाच घ्यायची, तो तुकडा टोकावर उचलून गिऱ्हाइकाला आतला रंग दाखवायचा, हवं तर चाखायला द्यायचा आणि पुन्हा जागेवर बसवायचा. लबाड विक्रेता टाकी लावत नाही. मी म्हणायचो, टाकी लावल्याशिवाय माझ्याकडून फळ घेऊच नका. धोंडीबाचं कलिंगड म्हणजे लाल, हे यात्रेकरूंनाही माहीत झालं होतं.

एकोणीसशे तीस सालानंतरची ती दुसरी की तिसरी रामनवमी. त्या वर्षी वाडी अशी धरली होती की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. सगळा माल गाड्यांत भरून मी आणि माझी बायको सगुणा नाशिकला आलो. गंगेच्या पलीकडच्या काठाला पाल ठोकलं आणि घाटावर ढीग मांडला. यात्रेच्या गर्दीत एकेकाला टाकी लावत बसायला वेळ नसतो, म्हणून मी पहाटेपासूनच जवळजवळ सगळ्या फळांना टाकी लावून ठेवली. सुरी धुवायला शेजारी बादली, बादलीत घाटावरच्या पवित्र कुंडाचं पाणी. त्याहून स्वच्छ पाणी जगात असतं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. फळं ताजी दिसावीत म्हणून तेच पाणी वर शिंपडत होतो. माझ्या शेजारी चांदोरीचा गेनू बसला होता. त्याचा माल अर्धा कच्चा, आतून पांढरा. तो कशाला टाकी लावतोय?

ऊन चढायच्या आधीच बातमी आली की धर्मशाळेत यात्रेकरूंना पटकी लागली. थोड्या वेळानं सय्यदसाहेब आले. बरोबर हवालदार आणि चुन्याची गाडी; वाळूत खड्डाही खणून घेतलेला. चिरलेली फळं, उसाचा रस, उघडी मिठाई, सगळं बंद. गेनूच्या ढिगापाशी ते वाकले. एकेक फळ फिरवून पाहिलं. "टाकी नाही? पाणी शिंपडलं?"

"नाय साहेब. असलं काय आपण करतच नाय," गेनू म्हणाला.

"अख्खं विका. कापायचं घरी जाऊन, सांगा लोकांना."

मग ते माझ्याकडे वळले. ढीग पाहिला. बादली पाहिली. आणि त्यांचा चेहरा उतरला. हे मी शपथेवर सांगतो. फोडायला आलेल्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी पाहिला नव्हता.

"सगळ्यांना लावलीत, धोंडीबा?"

"माझा माल खरा हाय साहेब. लपवायचं काय नाय."

"सगळी खड्ड्यात जातील."

मला आधी वाटलं, हा भाव आहे. माणूस वरचा आकडा सांगतो, मग खाली येतो. मी म्हणालो, "साहेब, अर्धी फोडा. अर्धी ऱ्हाऊ द्या."

"नाही."

"बरं, टाकीचा तुकडा काढून टाकतो. खालचा गर बी खरवडतो. मग तर झालं?"

"नाही."

"तीन हिस्से तुमचे, एक माझा. याच्या खाली मी येणार नाय."

"धोंडीबा, यात हिस्से नसतात."

लोक जमले होते. गेनू मान खाली घालून हसत होता. माझं डोकं फिरलं. "तुम्हाला ठाऊक हाय का, यात रोग हाय म्हणून?"

"नाही."

"मग फोडता कशापायी?"

"ठाऊक नाही म्हणूनच. ठाऊक असतं तर तेवढंच एक फोडलं असतं."

"माझ्या मालात काय बी नाय!"

"खरं असेल तुमचं," ते म्हणाले. "पण आज नाही."

सुरी माझ्या हातातच होती. मी उठलो तसा हवालदार पुढं झाला. साहेबांनी हात आडवा धरला. "थांबा हवालदार. ती सुरी कलिंगडाची आहे." ते जागचे हललेसुद्धा नाहीत. सुरीच्या टोकात आणि त्यांच्या कोटाच्या बटणांत फार अंतर नव्हतं, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते, सुरीकडे नाही. मी मुकाट खाली बसलो. मग ढिगातलं एक टाकी लावलेलं कलिंगड ओढलं, दोन तुकडे केले आणि सगळ्यांसमोर तोंड घालून खायला लागलो.

"धोंडीबा, नको!"

सय्यदसाहेबांना मोठ्यानं बोलताना मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं. त्यांनी माझं मनगट धरलं. मी हिसडा दिला आणि सालीपर्यंत खाल्लं. रस कोपरापर्यंत ओघळत होता. म्हणालो, "आता बोला."

ते हवालदाराकडे वळले. फक्त खड्ड्याकडे बोट दाखवलं. माझी कलिंगडं एकेक करून फुटली, त्यांवर चुना पडला, लाल आणि पांढरं. मी बघत होतो. ज्यानं टाकी लावली नाही, कच्चा माल दडवला, त्याची फळं वाचली. ज्यानं आपला माल उघडा करून दाखवला, त्याची फुटली. त्या दिवशी गेनूनं पांढरी कलिंगडं दुप्पट भावानं विकली. हा अन्याय होता. मी तेव्हा म्हणत होतो, आजही म्हणतो.

जाताना साहेब माझ्याजवळ आले. "आता पालातच राहायचं. गंगेत उतरायचं नाही. तुमच्या हातचं कुणाला खायला द्यायचं नाही. पाणी उकळलेलं. मी येतो."

"कशाला? मी मेलो का बघायला?"

"हो," ते म्हणाले. "त्यासाठीच."

आणि ते आले. सकाळी आले, संध्याकाळी आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. सायकल वाळूत चालत नाही, म्हणून ती पुलापाशी ठेवून चालत यायचे. "पोट कसं आहे? जीभ दाखवा. लघवी झाली?" मी म्हणायचो, "ठणठणीत हाय. माझा माल मेला, मी जिता हाय." ते म्हणायचे, "बरं, बरं," आणि हाताची कातडी चिमटीत धरून बघायचे. अंगाला फिनेलचा असा वास की बैलसुद्धा मान फिरवायचे.

सगुणा आधी माझ्याच बाजूनं होती. त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "साहेब, कशाला हेलपाटे घालता? हा माणूस मरायचा नाय. यमाशी बी घासाघीस करील अन् त्याला रिकाम्या हातानं परत धाडील."

साहेब पहिल्यांदाच हसले. "तसंच होऊ दे, बाई."

एका संध्याकाळी ते असेच आले, माझी जीभ पाहिली आणि जरा टेकतो म्हणून गाडीच्या चाकाला पाठ लावून बसले. बसल्या बसल्या झोपले. टोपी वाळूत पडली. बाह्या वर सरकल्या होत्या, हात चुन्यानं आणि औषधानं सोलवटून निघाले होते. धर्मशाळेतल्या रोग्यांना हात लावायला माणसं मिळेनात, म्हणून हेच उचलत होते, हेच त्यांचे कपडे उकळत होते, असं घाटावरून येणारे सांगत होते. सगुणानं टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "भांडायचं ते उद्या भांडा. आता गप बसा."

ते जागे झाले तेव्हा पहिला शब्द निघाला, "पोट कसं आहे?"

शेवटी एका सकाळी त्यांनी माझा हात सोडला. म्हणाले, "आता तुम्हाला काही होत नाही. जिंकलात धोंडीबा." आणि त्यांनी असा श्वास सोडला, जणू डोक्यावरची पाटी कुणी उतरवून घेतली.

मी संधी सोडणारा नव्हतो. "म्हंजे माझी कलिंगडं चांगली हुती. तुम्हीच बोललात."

"हे एक तरी चांगलं होतं," ते म्हणाले.

माझं हात उचलायचं राहिलं ते सगुणामुळे. पण ते वाळूतून पुलाकडे जात असताना मी बघत राहिलो. जन्मभर मी समोरासमोर बसून माणसं पाहिली आहेत. प्रत्येकाला आपलं खरं करायचं असतं. समोरचा खोटा पडावा म्हणून माणूस नुकसानसुद्धा सोसतो. हा पहिला माणूस मी पाहिला जो रोज दोन वेळा वाळू तुडवत यायचा, आपण चुकलो असं निघावं म्हणून. माझ्याशी त्याला हरायचं होतं. असल्या माणसाशी सौदा कसा करायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तरी राग गेला नाही. साहेबांनी कधी 'माफ करा' म्हटलं नाही. त्यानंतर बाजारात ते माझ्याकडूनही फळ घ्यायचे, सांगेन तो भाव द्यायचे. मी मुद्दाम वाटेल तो सांगायचो. ते द्यायचे. मी अजूनच चिडायचो. यात्रेत टाकी बंद झाली, तेव्हा मी बोटानं ठोकून आवाजावरून फळ निवडायला लागलो. आत पांढरं निघालं तर परत आणा, असं ओरडून विकायला लागलो. पांढऱ्या मालामुळे गेनूला हे जमेना. तो धंद्यातून उठला, मी बाजारात गाळा घेतला. ती अक्कल माझी होती, साहेबांची नाही. हे स्पष्ट केलेलं बरं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दशकाच्या अखेरीला, असाच चैत्र होता. सायकल तीच, कोट मात्र खाकी नव्हता. साधा पांढरा सदरा. मिशा पिकल्या होत्या. गाळ्यापुढे उभे राहून त्यांनी एक मोठं कलिंगड निवडलं. "केवढ्याला?"

मी नेहमीसारखा भाव सांगितला.

"छे!" ते म्हणाले. "लूट आहे ही. निम्म्यानं द्या."

मी चाटच पडलो. "साहेब, बरं हाय ना? इतकी वर्षं कधी केला नाय भाव?"

"परवा नोकरी संपली. आता येवल्याला भावाकडे जातो राहायला." डोळे बारीक करून ते म्हणाले, "इन्स्पेक्टरनं भाव केला की दुकानदार उतरवतो. ते मला की टोपीला, हे कसं कळणार? आता कळेल. निम्म्यानं देता का?"

बाजारातल्या त्या सगळ्या पाट्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. ती वांगीवालीही आठवली. मग आम्ही जी घासाघीस केली ती आजूबाजूच्या गाळ्यांवरचे लोक उठून बघायला आले. हा माणूस कसलेला होता! फळ ठोकलं, देठ पाहिला, पोटावरचा पिवळा डाग बोटानं मोजला, निघून जायचं सोंग केलं आणि बरोबर तिथंच थांबला जिथं मी हाक मारणार होतो. मला हवा होता त्याहून कमीच भाव मिळाला, आणि इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

पैसे घेताना माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, त्या रामनवमीला माझ्या मालात काय बी नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "खरं असेल तुमचं," म्हणाले.

पुढचं वाक्य येईल म्हणून मी वाट पाहिली. ते आलं नाही. त्याऐवजी त्यांनी कलिंगड माझ्यापुढे सरकवलं. "लावा टाकी."

मी सुरी घेतली आणि सवयीनं बाजूच्या बादलीत बुडवली. बादलीतलं पाणी फिकट गुलाबी होतं. त्यांनी वाकून पाहिलं. मी म्हणालो, "गिऱ्हाइकाला बरं वाटतं, म्हणून. बाकी काय नाय."

"रंग बरोबर आहे," ते म्हणाले.

मी चौकोनी टाकी घेतली, तुकडा सुरीच्या टोकावर उचलला. आत लालभडक. त्यांनी तपकिरी बोटांनी तो काढून घेतला आणि तिथंच, माझ्यासमोर उभं राहून खाल्ला. साल खाली टाकली नाही, रुमालात धरायला गेले. मग विचार बदलला. साल माझ्या टोपलीत टाकली आणि रुमाल कलिंगडाला बांधला, माशी बसू नये अशा बेतानं, टाकीच्या भोकावर नीट घडी घालून. सायकलच्या मागे फळ दोरीनं आवळलं, मला हात केला आणि निघाले.

गर्दीतून ती सायकल बराच वेळ दिसत होती. मागे ते हिरवं कलिंगड आणि त्यावर करकचून बांधलेला पांढरा रुमाल, दवाखान्यातून घरी निघालेल्या रोग्यासारखा.